ट्रॅक ओढण्याआधी

सर्किटची आकृती पूर्ण झाली, प्रत्येक चिन्हाला त्याचा फुटप्रिंट, म्हणजे पाय सोल्डर करायच्या पॅडांचा साचा, जोडून झाला, की कायकॅड या बोर्ड आखण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये एफ८ हे बटण दाबायचं. पुढच्या क्षणी बोर्डाच्या काळ्या पडद्यावर सगळे पार्ट एका ढिगाने येऊन पडतात: टर्मिनल, रिले, चिप, मूठभर रेझिस्टर आणि कॅपॅसिटर. त्यांच्या पिनांमधून बारीक रेषांचं जाळं ताणलेलं असतं. त्या रेषा म्हणजे तांबं नव्हे. कुठली पिन कुठल्या पिनेला जोडायची राहिली आहे, याची ती नोंद. पार्ट उचलून हलवला की रेषाही त्याच्यामागे ओढल्या जातात. इथून पुढचे दोन-चार तास बोर्डाच्या आयुष्यात सर्वांत महत्त्वाचे असतात, आणि नेमके तेच घाईत उरकले जातात. पार्ट ओळीत मांडायचे, दिसायला नीटनेटके झाले की तांब्याचे ट्रॅक ओढायला घ्यायचे, अशी सवय बहुतेकांना पहिल्या बोर्डापासून लागते.

ट्रॅक चुकला तर पुसून पुन्हा ओढता येतो. पार्टाची जागा चुकली तर ट्रॅक कितीही सुंदर ओढा, बोर्ड वाकडाच राहतो. आणि जागा ठरवताना लागणारी सगळी माहिती सॉफ्टवेअरकडे नसते. त्याला पिना ठाऊक असतात, अंतरं ठाऊक असतात. बोर्ड पुण्यातल्या वातानुकूलित खोलीत राहणार की मिरकरवाड्याच्या बंदरावर बोटीच्या केबिनमध्ये, हे त्याला ठाऊक नसतं. बिघडल्यावर तो कोणाच्या टेबलावर जाणार आणि त्या टेबलावर कोणती हत्यारं आहेत, हेही नाही. रत्नागिरीत बसून बोर्ड आखणाऱ्याने या दोन गोष्टी स्वतः बरोबर आणायच्या असतात. मिरजोळ्याच्या एमआयडीसीत १९९६पासून फिनोलेक्स अकॅडमी आहे, शहरात शासकीय तंत्रनिकेतन आहे. इलेक्ट्रॉनिक्स शिकायची सोय गावातच आहे. म्हणून हा विषय इथल्या हवेत, इथल्या गरजांवर बोलायला हवा असं मला मनापासून वाटतं.

एक बोर्ड घेऊ. कातळावरच्या हापूसच्या बागेत नवी कलमं लावली आहेत, खाली विहिरीवर पंप आहे, आणि मालक शहरात. मोबाईलवरून पंप चालू-बंद करणारा स्टार्टर त्याला हवा आहे. बोर्डावर काय काय येईल? २३० व्होल्टचं टर्मिनल, फ्यूज, विजेचा झटका पिणारा व्हॅरिस्टर, कॉन्टॅक्टरची कॉइल ओढणारा रिले, सिमकार्डाचं जीएसएम मॉड्यूल, एक मायक्रोकंट्रोलर, ५ व्होल्ट देणारा ७८०५, विहिरीतल्या पाण्याच्या पातळीची वायर येणारा कनेक्टर, दोन-तीन एलईडी आणि बाकी किरकोळ.

यातलं आधी काय ठेवायचं? ज्यांची जागा आपल्या हातात नाही ते. डब्याचा आकार ठरलेला असतो, स्क्रूची भोकं ठरलेली असतात, वायर डब्याच्या कुठल्या बाजूने आत येणार ते ठरलेलं असतं. म्हणून बोर्डाची कड आणि स्क्रूची भोकं पहिल्यांदा काढायची, मग टर्मिनल आणि कनेक्टर कडेला नेऊन कुलूपबंद करायचे. कायकॅडमध्ये पार्टावर लॉक टाकता येतो. नंतर चुकून धक्का लागून जागा हलत नाही. माउसने अंदाजे सोडण्यापेक्षा पार्टाच्या गुणधर्मात शिरून एक्स आणि वाय आकड्यांत लिहावेत. डब्याच्या झाकणातलं एलईडीचं भोक मिलिमीटरमध्ये मोजलेलं असतं, ते डोळ्यांच्या अंदाजाने सापडत नाही.

दुसरा निर्णय बोर्ड दोन भागांत तोडण्याचा. एका बाजूला २३० व्होल्ट, दुसऱ्या बाजूला ५ व्होल्ट, आणि मध्ये रिकामा पट्टा. रिले या पट्ट्यावर आडवा बसतो: त्याची कॉइल इकडे, कॉन्टॅक्ट तिकडे. हा पट्टा किती रुंद हवा याचं उत्तर हवेवर अवलंबून असतं, हे मला या साऱ्या शास्त्रातलं सर्वांत मोलाचं वाटतं. आंतरराष्ट्रीय मानकात, आयईसी ६०६६४ मध्ये, परिसराच्या मळाच्या पायऱ्या ठरवल्या आहेत. दुसरी पायरी म्हणजे घर-ऑफिसची हवा. तिसरी पायरी म्हणजे जिथे दमट हवेमुळे साचलेली धूळ वीजवाहक होऊ शकते अशी जागा. एफआर-४ या नेहमीच्या बोर्डावर २५० व्होल्टसाठी साध्या विलगतेला पृष्ठभागावरचं अंतर दुसऱ्या पायरीत २.५ मिलिमीटर लागतं, तिसऱ्या पायरीत ४. माणसाचा हात जिथे पोचू शकतो तिथे ते दुप्पट, म्हणजे ५ आणि ८. विहिरीवरचा डबा, खारी हवा, पावसाळा. इथे ८ मिलिमीटरच धरायला हवेत. आणि कायकॅड मुळात काय धरतो? ०.२ मिलिमीटर. फेजचा ट्रॅक आणि मायक्रोकंट्रोलरचा ट्रॅक ०.२ मिलिमीटरवर आणून ठेवा. सॉफ्टवेअरच्या तपासणीत एकही चूक दिसणार नाही. २३० व्होल्टच्या तारांचा वेगळा गट, म्हणजे नेट-क्लास, करून त्याला आपण आपला आकडा सांगितला, तरच सॉफ्टवेअर ओरडतं.

जागा कमी पडली तर रिलेच्या पोटाखाली बोर्डात खाच कापतात. मग गळती करणाऱ्या विजेला खाचेला वळसा घालून जावं लागतं आणि अंतर वाढतं. पण तिसऱ्या पायरीच्या हवेत ही खाच निदान १.५ मिलिमीटर रुंद हवी. त्याहून अरुंद असेल तर मानक ती मोजतच नाही, कारण तेवढी फट मळाने भरून जाऊ शकते.

मग येतं जीएसएम मॉड्यूल. त्याचा अँटेना बोर्डाच्या कडेला, खाली तांबं नाही अशा जागी, आणि रिलेपासून होईल तितका दूर. हे मॉड्यूल बोलताना क्षणभर २ अँपिअरपर्यंत प्रवाह खेचतं. तो प्रवाह लांबच्या अरुंद ट्रॅकमधून आला तर व्होल्टेज कोसळतं आणि मॉड्यूल स्वतःच बंद पडून पुन्हा सुरू होत राहतं. नेटवर्क नाही म्हणून सिमला दोष दिला जातो. मोठा कॅपॅसिटर मॉड्यूलच्या पॉवरच्या पिनेला चिकटून हवा. बोर्डाच्या दुसऱ्या टोकाला जागा आहे म्हणून तिथे ठेवला तर आकृतीत तो असतो, कामाला नसतो. मायक्रोकंट्रोलरजवळच्या १०० नॅनोफॅरडच्या कॅपॅसिटरचंही तेच. आकृतीत हे कॅपॅसिटर बहुतेक वेळा कोपऱ्यात एका रांगेत काढलेले असतात, कारण तिथे ते नीट दिसतात. बोर्डावर मात्र प्रत्येकाला आपापल्या चिपची पॉवरची पिन गाठायची असते. आकृतीतली रांग बोर्डावर तशीच उतरवणं ही शिकणाऱ्यांच्या बोर्डांवर सर्वाधिक दिसणारी चूक आहे. क्रिस्टल आणि त्याचे दोन कॅपॅसिटरही चिपला खेटून, आणि त्यांच्याखालून दुसरा कुठलाही ट्रॅक जाऊ द्यायचा नाही.

७८०५चं गणित हाताने करता येतं. त्याला १२ व्होल्ट दिले आणि ०.१ अँपिअर घेतले तर ७ व्होल्ट गुणिले ०.१, म्हणजे ०.७ वॉट उष्णता. हीटसिंक नसलेल्या या पार्टात दर वॉटमागे सुमारे ६५ अंश चढतात, म्हणजे आतलं तापमान भोवतालपेक्षा जवळपास ४५ अंशांनी वर. मे महिन्यात पत्र्याच्या डब्यात आधीच ५० अंश असतील तर ९५. पार्ट ते सोसतो. त्याच्या शेजारी ठेवलेला इलेक्ट्रोलिटिक कॅपॅसिटर सोसत नाही. दर १० अंशांमागे त्याचं आयुष्य साधारण निम्मं होतं. म्हणून ७८०५ कडेला, वरच्या बाजूला, आणि इलेक्ट्रोलिटिक त्याच्यापासून दूर. डबा भिंतीवर उभा लागणार असेल तर गरम हवा वर जाते हेही मांडणी करताना लक्षात ठेवायचं.

*

आतापर्यंत पार्ट म्हटलं. कसला पार्ट, ते बोललो नाही. त्याची एक परंपरा आहे. पॉल आयस्लर नावाचा व्हिएन्नाचा ज्यू इंजिनिअर १९३६ मध्ये लंडनला आला आणि तारांऐवजी तांब्याच्या पत्र्यावर छापलेल्या वाटांचा रेडिओ त्याने बनवून दाखवला. बोर्डाला भोक पाडून पार्टाचा पाय आरपार घालायचा आणि मागून सोल्डर करायचं, ही पद्धत, म्हणजे थ्रू-होल, पुढे जगभर रुळली. १९६४ मध्ये फेअरचाइल्ड कंपनीने दोन्ही बाजूंना पायांची रांग असलेली चिप आणली. पायांमधलं अंतर एक दशांश इंच, म्हणजे २.५४ मिलिमीटर. आजही टर्मिनल, हेडर, जुन्या चिपा याच मापावर उभ्या आहेत. भोक न पाडता बोर्डाच्या पृष्ठभागावरच चिकटणारे पार्ट, म्हणजे एसएमडी, १९६०च्या दशकात आयबीएमच्या प्रयोगांतून आले आणि १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात कारखान्यांत सर्रास झाले. त्यांची मापं पार्टाच्या नावातच असतात: १२०६ म्हणजे ३.२ बाय १.६ मिलिमीटर, ०८०५ म्हणजे २ बाय १.२५, ०६०३ म्हणजे १.६ बाय ०.८, आणि ०४०२ म्हणजे १ बाय ०.५. आकडे इंचाच्या शतांशात, पार्ट मिलिमीटरमध्ये.

आपल्या स्टार्टरवर दोन्ही जाती लागतील, आणि कोणती कुठे हे फॅशनने ठरवायचं नसतं. जिथे माणूस स्क्रूड्रायव्हरने जोर लावणार, वायर ओढणार, तिथे थ्रू-होल: टर्मिनल, कनेक्टर, रिले. जिथे विजेचा लोळ येणार, वळवाच्या किंवा परतीच्या पावसात, तिथे जाड पायांचा थ्रू-होल व्हॅरिस्टर आणि काढता येईल असा फ्यूज. चिपच्या पॉवरच्या पिनेला चिकटायचं तिथे एसएमडी कॅपॅसिटर, कारण लांब पायच नसतात. मात्र सिरॅमिक एसएमडी कॅपॅसिटर स्क्रूच्या भोकाजवळ किंवा कडेला लंब ठेवायचा नाही. स्क्रू आवळताना बोर्ड किंचित वाकतो आणि सिरॅमिकला आतून तडा जातो. तो तडा डोळ्याला दिसत नाही. बोर्ड तपासणीत पास होतो आणि पहिल्या पावसात तडकलेल्या जागी ओल शिरली की गळायला लागतो. कडेजवळ ठेवणं भागच असेल तर लांबी कडेला समांतर धरायची.

दोन्ही जाती एकत्र आल्या की सॉफ्टवेअरमध्ये एक सापळा उभा राहतो, आणि तो घरी एचिंग करणाऱ्यांना हमखास पकडतो. थ्रू-होल पार्टाचे पॅड बोर्डाच्या सगळ्या थरांवर असतात. एसएमडीचे फक्त ज्या बाजूला पार्ट बसवला त्याच बाजूला. घरी फेरिक क्लोराईडमध्ये केलेल्या बोर्डाला तांबं एकाच बाजूला असतं. थ्रू-होल पार्ट वरच्या, तांबं नसलेल्या बाजूला बसतात आणि पाय खाली तांब्यावर उतरतात. म्हणजे तांबं खालच्या थरावर. आता एसएमडी रेझिस्टर सॉफ्टवेअरने नेहमीप्रमाणे वरच्या बाजूला ठेवला, तर त्याच्या पॅडखाली तांबंच नाही. त्याला निवडून एफ दाबायचा. तो उलटून खालच्या बाजूला जातो, रंग बदलतो, त्यावरचं अक्षर उलटं दिसतं. हे उलटं दिसणं बरोबर आहे. आपण बोर्डाकडे वरून, आरपार बघत असतो. पिनांचा क्रम सॉफ्टवेअर नीट सांभाळतं. अक्षर सरळ दिसावं म्हणून कोणी छापताना पान आरसा करून छापलं, तर मात्र चिपच्या पिना डावीकडच्या उजवीकडे होतात. खालचं तांबं टोनरने इस्त्री करून उतरवायचं असेल तर ते जसं दिसतं तसंच छापायचं. कागद तांब्यावर पालथा पडताना आरसा आपोआप होतो. वरचं तांबं छापायचं असेल तेव्हाच आरसा लागतो. थ्रू-होल चिप असेल तर ही चूक बोर्डाच्या मागून चिप लावून एक वेळ निभावते. एसएमडी चिप असेल तर बोर्ड फेकावा लागतो.

एकाच बाजूच्या बोर्डावर एसएमडीचा एक फायदा कोणी फारसा सांगत नाही. १२०६ रेझिस्टरच्या दोन पॅडमध्ये एक ट्रॅक सहज जातो. वरून वायरचा जंपर टाकण्याऐवजी शून्य ओहमचा रेझिस्टर पुलासारखा वापरता येतो. कुठली रेषा कोणाला छेदते हे ट्रॅक ओढण्याआधी, पार्ट फिरवून फिरवून पाहिलं की असे पूल कुठे हवेत ते कळतं. आर दाबला की पार्ट ९० अंशांनी फिरतो, आणि रेषांचा गुंता डोळ्यांसमोर सुटतो किंवा वाढतो. चांगली मांडणी कळण्याची दुसरी सोपी खूण मला माहीत नाही.

*

रत्नागिरीत वर्षाला ३,००० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो आणि जून ते सप्टेंबर हवेतली आर्द्रता ८० टक्क्यांच्या खाली क्वचितच येते. त्यात समुद्राचं मीठ. दोन पॅडमध्ये व्होल्टेज, वर ओलीचा पातळ थर, आणि त्यात मिठाचे किंवा न धुतलेल्या फ्लक्सचे आयन; एवढं जमलं की एका पॅडवरचा धातू विरघळून दुसऱ्याकडे सरकतो आणि तिथून केसासारख्या फांद्या वाढवतो. त्या पहिल्या पॅडला येऊन भिडल्या की शॉर्ट. पॅडमधलं अंतर जितकं कमी तितका हा प्रवास छोटा. म्हणून ज्या बोर्डावर जागा आहे तिथे ०४०२ घेण्यात मला कसलाच शहाणपणा दिसत नाही. ०८०५ घ्या, मध्ये अंतर ठेवा, फ्लक्स आयसोप्रोपिलने धुवा, वर ॲक्रिलिक किंवा सिलिकॉनचा थर द्या. तो थर देता यावा म्हणूनही मांडणी लागते: कनेक्टर आणि सिमचा कप्पा एका बाजूला एकत्र असले की तेवढाच भाग झाकून बाकीच्यावर फवारता येतं. ते बोर्डभर विखुरले असतील तर प्रत्येकावर वेगळी टेप चिकटवत बसावं लागतं, आणि मग थर देणंच टाळलं जातं.

इथल्या हवेचा आणखी एक परिणाम बोर्डाच्या आधीच सुरू होतो. चिपच्या पाकिटावर एमएसएल ३ असं लिहिलेलं असतं. त्याचा अर्थ, पाकीट फोडल्यावर १६८ तासांत चिप भट्टीत सोल्डर व्हावी; नाहीतर प्लॅस्टिकमध्ये शिरलेली ओल भट्टीच्या उष्णतेने वाफ होऊन चिप आतून फाडते. पण हे १६८ तास ३० अंश आणि ६० टक्के आर्द्रतेसाठी मोजलेले आहेत. जुलैतल्या रत्नागिरीत ते लागू होत नाहीत. उघडी पाकिटं सिलिका जेलसह बंद डब्यात ठेवायची, किंवा चिपा आधी ओव्हनमध्ये वाळवून मग लावायच्या.

हवेइतकाच महत्त्वाचा हात. हा स्टार्टर बिघडेल, तेव्हा तो कारखान्यात परत जाणार नाही. तो बाजारातल्या दुरुस्तीच्या दुकानात जाईल, जिथे आयर्न आहे, सोल्डर खेचणारा पंप आहे, कदाचित हॉट एअर आहे. पार्ट जवळ नसेल तर मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून किंवा पुण्याच्या पासोड्या विठोबाजवळच्या दुकानांतून मागवावा लागेल. या साखळीचा विचार करून चिप निवडायची. पाय बाहेर दिसणारी एसओआयसी चिप आयर्नने निघते. ज्या चिपचे पॅड पोटाखाली असतात ती नाही निघत. तिथे बोर्ड बदलणं हाच उपाय, म्हणजे शेतकऱ्याचा खर्च. कायकॅडच्या फुटप्रिंटच्या यादीत रेझिस्टर-कॅपॅसिटरच्या नावांपुढे हँडसोल्डर लिहिलेले वेगळे पर्याय आहेत. त्यांचे पॅड थोडे लांब असतात, आयर्नचं टोक टेकायला जागा मिळते. जागा असताना हेच घ्यावेत. पार्टाभोवती सॉफ्टवेअर एक अदृश्य अंगण आखतं आणि दोन अंगणं एकमेकांवर आली की चूक दाखवतं. ही अंगणं यंत्राच्या सोयीने आखलेली आहेत, बहुतेक पार्टांना पाव मिलिमीटर. माणसाच्या हाताला तेवढं पुरत नाही. उंच इलेक्ट्रोलिटिकच्या बुंध्याशी दडलेला ०६०३ रेझिस्टर तपासणीत बरोबर ठरतो आणि दुरुस्तीत अशक्य.

पार्टाचा क्रमांक पार्टाच्या पोटाखाली छापू नये. आर७ कुठे आहे हे पार्ट बसवल्यावरही वाचता आलं पाहिजे. ५ व्होल्ट, ग्राउंड, रिलेचा इशारा यांना मल्टिमीटरचं टोक टेकायला एकेक उघडा पॅड ठेवावा. याला पैसे पडत नाहीत, फक्त मांडणीच्या वेळी आठवण लागते.

हे सगळं शिकायला महागडं सॉफ्टवेअर लागत नाही, ही आपल्या पिढीची मोठी मिळकत आहे. कायकॅड १९९२ मध्ये ग्रेनोबलच्या ज्याँ-पिएर शारास यांनी सुरू केलं. २०१३पासून सर्न या युरोपातल्या संशोधन संस्थेने त्यात भर घातली, आणि आज ते कोणालाही फुकट आणि उघडं मिळतं. आयआयटी मुंबईत प्राध्यापक कन्नन मौद्गल्य यांच्या पुढाकाराने फॉसी प्रकल्प उभा राहिला. त्यात कायकॅड आणि सर्किट चालवून दाखवणारं एनजीस्पाइस एकत्र जोडून आधी ऑस्कॅड आणि आता ईसिम हे भारतीय विद्यार्थ्यांसाठीचं साधन तयार झालं. आकृती काढा, चालवून बघा, मग त्याच आकृतीचा बोर्ड करा, असा त्याचा रस्ता. आयआयटी मुंबईचाच स्पोकन ट्युटोरियल हा प्रकल्प मराठीसह अनेक भारतीय भाषांत धडे देतो, आणि त्याच्या विषयांत कायकॅडही आहे, ईसिमही. एका बाजूला धडा चालू ठेवून दुसऱ्या बाजूला तेच स्वतः करायचं, ही त्यांची पद्धत मांडणीसारख्या विषयाला फार चांगली बसते, कारण मांडणी वाचून येत नाही. माझी मागणी एवढीच, की या धड्यांच्या पुढचा धडा इथल्या प्रयोगशाळांनी जोडावा. दुरुस्तीच्या दुकानांतून पावसाळ्यात मेलेले बोर्ड आणावेत, कुठे हिरवा गंज चढला, कुठे फांद्या वाढल्या, कुठला कॅपॅसिटर कशाच्या शेजारी फुगला हे मुलांना भिंगाखाली दाखवावं आणि मग त्याच सर्किटची मांडणी पुन्हा करायला लावावी.

बोर्ड मोठ्या संख्येने करून घ्यायचा असेल तर यंत्राला एक फाइल जाते. प्रत्येक एसएमडी पार्टाचं नाव, त्याचा एक्स, वाय, कोन आणि बाजू. मांडणीत घेतलेला प्रत्येक निर्णय तिथे फक्त आकड्यांच्या ओळीत उरतो. या फाइलमध्ये कोनाचा घोळ नेहमीचा आहे. पार्टाचा शून्य अंश कशाला म्हणायचं यावर फुटप्रिंट बनवणारे आणि यंत्र चालवणारे यांचं एकमत नसतं. रेझिस्टर उलटा बसला तरी चालतो. डायोड आणि चिप चालत नाहीत. म्हणून पहिला बोर्ड भट्टीत जाण्याआधी पहिल्या पिनेची खूण छापील चित्राशी पडताळून बघायची असते.

त्याच्याही आधीची तपासणी मात्र घरी, फुकट होते. बोर्डाचं चित्र एकास एक मापाने कागदावर छापायचं. छपाईच्या खिडकीत पानात बसवण्याचा पर्याय बंद करून. आधी छापलेल्या चित्रावर पट्टी ठेवून बोर्डाची लांबी मोजायची. मग कागद थर्माकोलवर पसरायचा, आणलेला रिले, टर्मिनल, फ्यूजचा होल्डर यांचे पाय खरोखर त्या छापील भोकांत टोचायचे. एसएमडी पार्ट चिमट्याने पॅडवर ठेवून बघायचे. टर्मिनलमध्ये खरी २.५ चौरस मिलिमीटरची वायर घालायची आणि स्क्रूड्रायव्हर लावून बघायचा. रिलेच्या पायांचं माप फुटप्रिंटशी जुळत नाही हे बहुतेक वेळा इथेच कळतं, कारण एकाच दिसणाऱ्या रिलेंच्या पायांची ठेवण कंपनीगणिक बदलते. मग पुन्हा सॉफ्टवेअरमध्ये जायचं, फुटप्रिंट बदलायचा, पार्ट दोन मिलिमीटर सरकवायचा, आणि पुन्हा छापायचं.